नवे ब्लेड टाकले तरी वायपर नीट पुसत नाही, वर जाताना थडथडतो

कोकणवारी:
जुनी हॅचबॅक आहे. पावसाळ्याआधी दोन्ही ब्लेड बदलले, फ्लॅट टाइपचे (लोखंडी फ्रेम नसलेले, एकसंध पट्टीचे). ड्रायव्हर बाजूला आधी २१ इंची होता, दुकानात २२ मिळाला तो टाकला. आता ब्लेडच्या मध्यावर, नेमका नजरेसमोर, चार बोटं रुंदीचा पट्टा पुसलाच जात नाही. वर जाताना ब्लेड थडथड उड्या मारतो, खाली येताना मात्र गुपचूप येतो. रात्री समोरून हेडलाइट आला की सगळी काच दुधाळ. दुकानदार म्हणतो दुसऱ्या कंपनीचे घ्या. घ्यावेत का?

पाना_नंबर_१०:
आधी एक खुळचट वाटेल असा प्रश्न: नव्या रबराच्या धारेवर पातळ प्लास्टिकची पट्टी असते, ती काढलीत ना? बरेच जण तशीच ठेवतात आणि ब्लेडला शिव्या घालतात.

ती काढली असेल तर पैसे घालवू नका. तुमच्या तीन तक्रारींची कारणं तीन आहेत.

मधला पट्टा: फ्लॅट ब्लेड मुळातच काचेपेक्षा जास्त वाकलेला असतो. आधी टोकं टेकतात, मग आर्मची (ब्लेड धरणाऱ्या दांड्याची) स्प्रिंग मधला भाग दाबून बसवते. दाब कमी पडला की मधला भाग अधांतरी. (उलट टोकांकडे पुसत नसेल तर ब्लेडचा बाक काचेला कमी पडतोय, तिथे ब्लेडच बदलावा लागतो.) त्यात तुम्ही इंचभर लांब ब्लेड टाकून तोच दाब जास्त लांबीवर वाटलात. २१ वर परत या. तरीही पट्टा राहिला तर साधा ताणकाटा घ्या, ब्लेड जिथे अडकतो तिथे आर्मला लावा आणि काचेच्या काटकोनात हळूहळू ओढा. रबर काच सोडेल तो आकडा बघा. सेंटिमीटरला साधारण १५ ग्रॅम धरायचे. २१ इंच म्हणजे ५३ सेंमी, म्हणून ८०० ग्रॅमच्या आसपास हवेत. फारच कमी भरले तर आर्मच्या सांध्यात गंज किंवा स्प्रिंग ढिली. सांध्याखाली फडकं धरून गंज सोडवणारं तेल मारा, आर्म वरखाली करा. फरक नाही पडला तर आर्म बदला.

थडथड: एकाच दिशेने होते म्हणजे आर्म किंचित पिळला गेलाय. धुलाईवाले आर्म धरून ओढतात, त्यात हे होतं. रबराची धार प्रत्येक फेरीच्या टोकाला उलटी पडून मागे घसटत यायला हवी. आर्म तिरका असला की एका बाजूला ती उलटतच नाही, पुढे ढकलली जाते आणि अडकत-सुटत जाते. वायपर काचेच्या मध्यावर असताना चावी बंद करा, ब्लेड काढा, आर्मच्या टोकाकडून बघा: हुकाची सपाट बाजू काचेला समांतर दिसली पाहिजे. नसेल तर आर्म उचलून, फडकं गुंडाळून, सरकत्या पान्याने अगदी थोडा पिळा. बसवून बघा, पुन्हा थोडा.

आणि ब्लेड काढला की काचेवर जाड टॉवेल टाकाच. उघडा आर्म स्प्रिंगने आपटला तर काच तडकते, आणि तो खर्च ब्लेडच्या कितीतरी पट.

धुकं_आणि_घाट:
दुधाळपणाचं मी सांगतो. तो वायपरचा दोष नाही, काचेवर डिझेलचा धूर, वॅक्सवाला शाम्पू आणि डॅशबोर्ड पॉलिश यांचा थर बसतो. काचेवर पाणी ओता. सलग पसरलं तर काच स्वच्छ, तुटक थेंब आणि बेटं झाली तर थर आहे. (पाणी पळवणारं कोटिंग मारलं असेल तर थेंब होणारच. त्या कोटिंगनेही वायपर थडथडतो, हे पॅकेटवर कोणी ठळक लिहीत नाही.)

सिरियम ऑक्साइडची (काच पॉलिश करायची) पावडर पाण्यात दाट कालवा, ओल्या मायक्रोफायबरने हातानेच गोल घासा, वाळू देऊ नका. मशीन लावू नका, काच तापते. रंगावर आणि काळ्या प्लास्टिकवर सांडली तर लगेच धुवा, नाहीतर पांढरे डाग राहतात. शेवटी आयसोप्रोपाइल अल्कोहोलने काच आणि रबराची धार दोन्ही पुसा. फडक्यावर काळं येणं बंद होईपर्यंत. रॉकेल-पेट्रोल नको, रबर फुगतं.

काच आतूनही पुसा. निम्मा दुधाळपणा तिथेच असतो.

जुनाट_गॅरेज:
वरचं सगळं बरोबर. भर एवढीच की पलीकडच्या बाजूला जुनी लोखंडी फ्रेम ठेवली असती तरी चाललं असतं, नुसतं रबर बदलायचं. जुनं रबर खाचेच्या बाजूने ओढून काढा, त्यातल्या दोन पोलादी पट्ट्या कशा बसल्यात त्याचा फोटो घ्या, नव्यात तशाच घाला. रबर फ्रेमच्या प्रत्येक चिमट्यातून गेलं पाहिजे. एक चिमटा जरी सुटला तरी लोखंड काचेला लागतं आणि कमानीसारखा ओरखडा पडतो, तो कायमचा.

काच धुवायच्या पाण्याच्या टाकीत बोअरचं पाणी भरू नका, क्षाराने फवारे बुजतात. भांड्याचा साबणही नको, फेस होतो आणि परत थर बसतो.

कोकणवारी:
पट्टी काढली होती 🙂 कोटिंग नाही. सिलिकॉनचे ब्लेड घेतले तर प्रश्न मिटेल का? आणि उन्हात पार्किंगला वायपर उभे करून ठेवावेत का?

पाना_नंबर_१०:
सिलिकॉन उन्हात जास्त टिकतं, पण पिळलेल्या आर्मवर तेही थडथडणारच. आधी आर्म, मग काच, मग ब्लेड.

जुनाट_गॅरेज:
उभे करण्याच्या मी विरोधात. स्प्रिंग सतत ताणलेली राहते आणि येता-जाता कोणीही धक्का देतं. एप्रिल-मेमध्ये काचेवर पुठ्ठा टाका, रबर त्याच्यावर टेकू द्या.

धुकं_आणि_घाट:
पुठ्ठ्याला माझंही मत. आणि घाटात मोटर बंदच पडली तर काचेवर बाहेरून तंबाखू चोळायचा ट्रकवाल्यांचा उपाय खोटा नाही. पाणी थेंब न धरता पसरून वाहतं, पुढच्या गॅरेजपर्यंत हळू जाता येतं. नंतर काच धुवा, नाहीतर तोही थरच.