बाबांची नाडी घड्याळात ४२, ईसीजीत ८४. खरं कोणतं?

रानवारा: बाबा ६८ वर्षांचे, हार्ट फेल्युअरचे जुने पेशंट, ईएफ (हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ३०. काही दिवस मनगटावरचं घड्याळ ४२-४४ दाखवतंय, ऑक्सिमीटरही तेच. काल विट्यातल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला तर ८४! म्हणाले, घड्याळं खरी नसतात, सोडून द्या. आई रात्रभर जागी असते, मी पुण्यात. बीटा ब्लॉकर (ठोके मंद करणारी गोळी) कमी करू का? प्लीज लवकर सांगा.

सह्यकडा: गोळी कोणती, डोस किती? चक्कर, अंधारी येते का? पेसमेकर आहे का? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

मोरपंखी: पट्टा सैल असणार. सासऱ्यांचं तसंच व्हायचं. हात गार असले तरी चुकतं.

रानवारा: पट्टा घट्ट आहे हो. आणि दोन वेगळी यंत्रं सारखीच कशी चुकतील? मेटोप्रोलॉल ५०, सकाळी. चक्कर नाही, पण दम जास्त लागतोय. पेसमेकर आहे, सीआरटी, म्हणजे हृदयाचे खालचे दोन्ही कप्पे एकत्र चालवणारा. तो बसवून बरेच दिवस झाले, त्याचा काय संबंध?

सह्यकडा: अहो, तीच तर मुख्य गोष्ट! सीआरटीचा किमान दर बहुधा ५० ते ६० ठेवतात, त्याखाली तो जाऊ देत नाही. मग ४२ आले कुठून? ८४चे बरोबर निम्मे. माझ्या आईला हेच झालं होतं. दर दुसरा ठोका खालच्या कप्प्यातून अवेळी यायचा. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, रक्ताची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही. घड्याळ ती लाट मोजतं, ईसीजी विजेचा संकेत. दोन्ही खरे असू शकतात. कागदावर एकाआड एक ठोका वेगळ्या आकाराचा दिसतो का बघा. आणि गोळी स्वतःहून कमी करू नका, असे ठोके वाढू शकतात.

जुईचा_मांडव: अर्जुनाच्या सालीचा काढा दुधातून द्या. आमच्याकडे तीन पिढ्या घेतात.

गोदाकाठ: ताई, ईएफ ३० आहे, काढा राहू द्या. रानवारा, घड्याळ काढून ठेवा आणि सीआरटी तपासून घ्या. किती टक्के ठोके त्याने दिले ते कळतं. ९८च्या वर हवेत.

सह्यकडा: तपासणी हवीच, पण तो टक्काही डोळे झाकून मानू नका. यंत्राचा ठोका आणि हृदयाचा स्वतःचा ठोका एकदम आले की मिसळतात, यंत्र मात्र तो आपल्याच खात्यात मांडतं. आईचा अहवाल चांगला होता, बारा लीडच्या होल्टरमध्ये (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) खरं चित्र दिसलं.

गोदाकाठ: एका केसवरून यंत्रावर शंका नको. अवेळी ठोके ते वेगळे मोजतंच.

सह्यकडा: मोजतं. मिसळलेले ओळखत नाही, एवढंच म्हणतोय.

मोरपंखी: मग सासऱ्यांना ईसीजीवालं घड्याळ घेऊ का? कोणतं चांगलं?

सह्यकडा: वेगळा धागा काढा ना. पेसमेकरवाल्यांना त्यात बऱ्याचदा निष्कर्षच येत नाही.

रानवारा: आईने ईसीजीचा फोटो पाठवला. एक अरुंद, एक रुंद, असंच चाललंय शेवटपर्यंत! सीआरटी बसवला त्या हॉस्पिटलला सकाळीच फोन करतो. होल्टर आधी मागू की यंत्राची तपासणी?

गोदाकाठ: तपासणी. पेसमेकरचं कार्ड सोबत न्या, ज्या कंपनीचं यंत्र त्याच कंपनीचा प्रोग्रामर (तपासणीचं उपकरण) लागतो. रात्रीत शुद्ध हरपली किंवा दम वाढला तर सकाळची वाट बघू नका.

सह्यकडा: लघवीची गोळी चालू असेलच. तिने पोटॅशियम उतरलं तर असे ठोके वाढू शकतात. पोटॅशियम शेवटचं कधी तपासलं?