मदत हवी आहे: नुकसान सोसणारी व्यक्तीच हयात नसेल तर?

जय ख्रिस्त! उपवासकाळात तरुण संघाच्या अभ्यासासाठी लूक 19 (बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 19वा अध्याय) घेतलाय. त्यातला जकातदारांचा प्रमुख जक्कय नुसता "चुकलो" म्हणून थांबत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट परत, असं सगळ्यांसमोर सांगतो. बायबलमधल्याच निर्गम 22 प्रमाणे मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं द्यायची. म्हणजे त्याने स्वतःला सरळ चोराच्या रांगेत बसवलं! मला हे फार भिडतं.

अडचण पुढे आहे. एका मुलाने विचारलं, "आजोबांनी भावकीतल्या विधवा काकूंची बांधालगतची जमीन दाबली. दोघंही गेले. आता कबुली कोणी द्यायची आणि कोणाला?" गणना 5 मध्ये मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा, आणि घ्यायला जवळचा नातेवाईक नसेल तर ते याजकाकडे (पुरोहिताकडे), असं आहे. पण दानिएल 9 मध्ये दानिएल पूर्वजांची पापंही कबूल करतो, तर यहेज्केल 18 म्हणतं की मुलगा बापाच्या पापाचा भार वाहणार नाही. हे दोन्ही एकत्र कसं शिकवाल? कोणा पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) अशी भरपाई प्रत्यक्ष घडवून आणली असेल तर कृपया सविस्तर लिहा. त्या मुलाला "प्रार्थना कर" एवढंच सांगून मला परत पाठवायचं नाही.