उ: अर्ध्या कार्यक्रमात अँप (अँप्लिफायर) बंद, थंड झाल्यावर पुन्हा सुरू
हे लक्षण थर्मल प्रोटेक्शनचं वाटतं, म्हणजे जास्त तापल्यावर अँप स्वतःच बंद होतो. वरच्या एका उत्तरात आउटपुट ट्रान्झिस्टर (स्पीकरला करंट पुरवणारे भाग) बदलायचा सल्ला आलाय, पण तो शेवटचा उपाय. आधी लोड, म्हणजे जोडलेल्या स्पीकरांचा एकूण रोध (ओहममध्ये), तपासा. 8 ओहमचे दोन स्पीकर बॉक्स समांतर जोडले की 4 ओहम होतात, तिसरा लावला की जेमतेम 2.7. अँपच्या मागे ‘किमान 4 ओहम’ छापलेलं असेल तर तिसऱ्या बॉक्सने करंट वाढतो आणि हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) तापतो. (मल्टिमीटरवर 8 ओहमचा स्पीकर 6च्या आसपास दिसतो, तो बिघाड नव्हे.)

मग पंखा. प्लग काढून, पाती बोटाने धरून ब्लोअरने धूळ उडवा. पाती मोकळी फिरू दिली तर बेअरिंग जातं. जाळीमागचा फोम धुऊन पूर्ण वाळवूनच बसवा.

एवढं करूनही तापत असेल तर ट्रान्झिस्टर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट सुकली असेल. जुनी पुसून नवी अगदी पातळ लावा, जाड थर उलट उष्णता अडवतो. ट्रान्झिस्टरखालची वीजरोधक अभ्रकाची चकती तडकलेली असेल तर बदला. उघडल्यावर आत हात घालण्यापूर्वी मोठ्या कपॅसिटरवरचं व्होल्टेज मोजा, प्लग काढल्यावरही ते चार्ज राहतात. आणि रॅकचं मागचं झाकण वाजवताना काढलेलंच बरं.