शब्दचर्चा : ‘कोम्मिस्सारियो’ म्हणजे आयुक्त नव्हे

पडदानशीन :
दिग्दर्शक एन्झो जी. कास्तेल्लारीचा १९७३ चा इटालियन चित्रपट ‘ला पोलित्सिया इन्क्रिमिना, ला लेज्जे अस्सोल्वे’. नट फ्रांको नेरो यात कोम्मिस्सारियो बेल्ली, म्हणजे एक पोलीस अधिकारी, आहे. जेनोआ बंदर, अमली पदार्थांची टोळी, सुरुवातीलाच गाड्यांचा लांबलचक पाठलाग. मराठी उपशीर्षकांसाठी तीन ठिकाणी शब्द अडतोय : बेल्लीचा हुद्दा, चित्रपटाचं नाव आणि या प्रकारच्या चित्रपटांना काय म्हणायचं ते. हुद्द्यासाठी ‘पोलीस आयुक्त’ चालेल का?

तळटीप :
अजिबात नाही. इंग्रजी ‘कमिशनर’शी ध्वनी जुळतो, तिथेच फसगत होते. आपल्याकडे पोलीस आयुक्त अख्ख्या शहराचा प्रमुख. तो गल्लीबोळातून गाडी हाकत तस्कराच्या मागे लागलेला दाखवला, तर प्रेक्षक पहिल्याच प्रसंगात हसेल.

इटलीत प्रत्येक प्रांताला एक ‘क्वेस्तुरा’ असते, म्हणजे पोलिसांचं प्रांतिक मुख्यालय. तिचा प्रमुख ‘क्वेस्तोरे’. आयुक्त किंवा जिल्हा अधीक्षक हा शब्द वापरायचाच तर त्याच्यासाठी ठेवा. त्याच्या खाली ‘विचे क्वेस्तोरे’ आणि मग कोम्मिस्सारियो. कोम्मिस्सारियो एखादं ठाणं सांभाळतो किंवा ‘स्क्वाद्रा मोबिले’त, म्हणजे आपल्या गुन्हे शाखेत, तपास करतो. आपल्या उतरंडीत तो सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षकाच्या आसपास बसतो.

आता ‘सहायक पोलीस आयुक्त बेल्ली’ हे पडद्यावर दोन सेकंदांत कोण वाचणार? मग हात आपोआप ‘इन्स्पेक्टर’कडे जातो. त्यातही खोच आहे. १ एप्रिल १९८१ च्या कायद्याने इटलीच्या पोलिसांची पुनर्रचना झाली आणि ‘इस्पेत्तोरे’ ही नियमित श्रेणी त्यातून आली. १९७३ च्या गोष्टीत हाताखालची माणसं मारेशाल्लो, ब्रिगादिएरे, आप्पुंतातो अशा हुद्द्यांची आहेत. त्या वेळी हे शिपाईदल लष्करी धर्तीचं होतं, कोम्मिस्सारियो मात्र गृहखात्याचा मुलकी अधिकारी. तो साध्या कपड्यांत का वावरतो, याचंही उत्तर त्यातच आहे. बेल्लीला आज ‘इन्स्पेक्टर’ केलंत, तर नंतरच्या काळातल्या चित्रपटात खरा इस्पेत्तोरे आला की त्याला काय म्हणणार?

‘कोमिसार’ही नको. मराठीत त्या शब्दाला सोव्हिएत टोपी आहे.

पडदानशीन :
मग उरलं काय? आणि बेल्लीला त्याचे सहकारी ‘दोत्तोरे’ म्हणतात, त्याचं काय करायचं? कच्च्या मसुद्यात तिथे ‘डॉक्टर’ पडलंय.

तळटीप :
‘डॉक्टर’ आधी काढा! इटलीत पदवीधराला दोत्तोरे म्हणतात. कोम्मिस्सारियो बहुधा कायद्याचा पदवीधर. हाताखालच्याने ‘दोत्तोरे’ म्हटलं की मराठीत सरळ ‘साहेब’. रोम-नेपल्सकडचा भुरटा शेवटचं अक्षर गिळून ‘दोत्तो’, ‘कोम्मिस्सा’ म्हणतो. त्याला ‘सायेब’ किंवा ‘साहेऽब’. एवढ्यात दोघांमधलं अंतर कळतं, वेगळी टीप लागत नाही.

हुद्द्याबद्दल व्यवहारी तोडगा असा. हाक मारताना ‘साहेब’ किंवा ‘बेल्लीसाहेब’. तिऱ्हाइताने उल्लेख केला तर ‘बेल्ली’ किंवा ‘गुन्हे शाखेचे बेल्ली’. दारावरची पाटी किंवा वर्तमानपत्राचा मथळा पडद्यावर आला, तर एकदाच ‘कोम्मिस्सारियो’ तसाच ठेवा.

सर्वनामांवरही लक्ष असू द्या. पोलीस गुंडाशी ‘तू’ बोलतो, गुंड त्याला ‘लेई’, म्हणजे ‘तुम्ही’. गुंडाने मध्येच ‘तू’वर घसरणं म्हणजे उघड आव्हान. इंग्रजी संवादांवरून मराठी केलं तर हा फरक हरवतो, कारण तिथे दोन्हीकडे एकच शब्द. या बाबतीत मराठी इटालियनच्या जास्त जवळची आहे, तिचा फायदा घ्या.

खटलेबाज :
नावाकडे वळू. ‘इन्क्रिमिनारे’ म्हणजे एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप ठेवणं. ‘अस्सोल्वेरे’ म्हणजे निर्दोष सोडणं. हेच क्रियापद पाद्री कबुलीजबाब ऐकून पापक्षमा देतो त्यालाही चालतं, त्यामुळे मूळ नावात एक तिरकस वास आहे : कायदा पापं धुऊन देतो. मराठीत दोन्ही अर्थ एका शब्दात येत नाहीत, तो हट्ट सोडावा.

‘सोडणे’च्या छटा मात्र सांभाळा. जामिनावर सुटका वेगळी, आरोप ठेवण्याआधीच सोडून देणं वेगळं, खटल्याअंती निर्दोष मुक्तता वेगळी. इटलीच्या १९३० च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ‘पुराव्याअभावी मुक्तता’ असा निकालाचा स्वतंत्र प्रकार होता. सुटलेल्याच्या नावावर संशय तसाच राहायचा. १९८९ ला नवी संहिता लागू झाली आणि तो प्रकार गेला. सत्तरीच्या दशकातल्या संवादांत ‘इन्सुफिचिएन्त्सा दी प्रोव्हे’ हे शब्द आले की नुसतं ‘निर्दोष सुटला’ लिहू नका. ‘पुराव्याअभावी सुटला’ लिहा. बोलणाऱ्याचा राग त्या ‘अभावी’तच आहे.

नाव म्हणून माझं मत : ‘पोलीस धरतात, कायदा सोडतो’.

पडदानशीन :
‘धरणं’ म्हणजे अटक. मूळ शब्द आरोपाचा आहे.

खटलेबाज :
मान्य, पण ‘पोलीस आरोप ठेवतात, कायदा निर्दोष मुक्तता करतो’ हे निकालपत्र झालं, नाव नाही. मूळ नाव दोन सारख्या तुकड्यांत तुटतं, त्याचा ठेका पहिल्यांदा जपायचा. ‘कायदा’ऐवजी ‘कोर्ट’ जास्त बोलीतलं वाटेल, पण मुळात ‘लेज्जे’, म्हणजे कायदा, आहे आणि तक्रार एखाद्या न्यायाधीशाविरुद्ध नाही, ती अख्ख्या व्यवस्थेविरुद्ध आहे.

याच गटातला आणखी एक सापळा : ‘रापिना’, म्हणजे धाकदपटशाने केलेली लूट. सरसकट ‘दरोडा’ लिहिलं जातं. आपल्या कायद्यात पाच किंवा अधिक जण असतील तरच दरोडा, त्याहून कमी असतील तर जबरी चोरी. इटालियन शब्दाला डोक्यांची अट नाही. बँकेत तिघे बुरखेधारी शिरले तर बोलणारा सामान्य माणूस ‘दरोडा’च म्हणेल, तिथे चालू द्या; पोलीस अहवाल वाचून दाखवत असेल तर ‘जबरी चोरी’. ‘आ मानो आर्माता’ म्हणजे ‘सशस्त्र’, शब्दशः ‘हत्यारबंद हाताने’. आणि ‘शिप्पो’ म्हणजे स्कूटरवरून पर्स हिसकावून पळणं, त्याला ‘खेचाखेची’ नको. ‘पर्स हिसकावली’ पुरे.

तळटीप :
गाड्यांचे शब्द राहिले. ‘व्होलान्ते’ म्हणजे गाडीचं स्टीअरिंग आणि पोलिसांची गस्ती गाडीही. ‘व्होलान्ते बोलाव’ याचं ‘स्टीअरिंग बोलाव’ झालेलं यंत्राच्या भाषांतरात सर्रास सापडेल. त्याच गाडीचं टोपणनाव ‘पांतेरा’, तर काराबिनिएरी या दुसऱ्या दलाच्या गाडीचं ‘गाझ्झेल्ला’, म्हणजे हरिणी. पांतेराचं ‘पँथर’ करू नये. १९७२ नंतरच्या मराठी वाचकाला ‘पँथर आले’ म्हटलं की आल्फा रोमिओ जुलिया गाडी दिसणार नाही, दलित पँथर दिसेल. ‘पोलिसांची गाडी’ लिहा आणि पुढे चला.

काराबिनिएरी हे वेगळं दल, संरक्षण खात्याखालचं. त्यांच्यात कोम्मिस्सारियो नसतो, कप्तान असतो. दोघांनाही ‘पोलीस’ म्हटलं तर एकमेकांवरची कुरघोडी कळत नाही.

रीळवाला :
प्रकाराच्या नावाबद्दल. इटालियनमध्ये साधा शब्द ‘पोलित्सिएस्को’, म्हणजे पोलिसी. या चित्रपटांना समीक्षकांनी नाक मुरडत ‘पोलित्सिओत्तेस्को’ म्हटलं : ‘पोलित्सिओत्तो’ म्हणजे पोलीसवाला, त्याला ‘-एस्को’ जोडलं. आपल्या ‘-छाप’सारखा हा प्रत्यय इथे हिणवायला लागला. पुढे चाहत्यांनी तोच शब्द मिरवायला घेतला. म्हणून ‘पोलीसपट’ हा अर्थ बरोबर असला तरी चव सपक. ‘पोलीसछाप’मध्ये मूळचा टोमणा येतो. तरीही लेखात एकदा मूळ शब्द द्यावा, पुढे ‘पोलीसपट’ चालवावा.

‘जाल्लो’शी गल्लत नको. जाल्लो म्हणजे पिवळा. मोन्दादोरी प्रकाशनाने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनात रहस्यकथा काढल्या, त्यावरून तो शब्द रुळला. तिथे प्रश्न ‘खुनी कोण’. पोलीसपटात खुनी बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच माहीत असतो. प्रश्न एवढाच की त्याला शिक्षा होईल का. म्हणून ‘रहस्यपट’ हा शब्द इथे बसत नाही, ‘थरारपट’ बसतो. या चित्रपटात तर बेल्लीच्या वरिष्ठाकडे टोळीवरची फाईल तयार असते. अडचण पुराव्याच्या वजनाची आणि वेळेची. (‘दोस्सिए’ला ‘फाईल’च म्हणा. ‘दप्तर’ म्हटलं की पाठीवरचं दिसतं.)

आता लिप्यंतर. इटालियन ‘त’ आणि ‘द’ दंत्य आहेत, म्हणून नटाचं नाव तोमास मिलियान, ‘टोमास’ नव्हे. दुहेरी व्यंजन खरंच दुहेरी उच्चारतात, ते टिकवा. इथे चूक महागात पडते : नेरोचा बेल्ली १९७३ चा, दुसरा नट मावरित्सिओ मेर्ली याचा बेत्ती १९७५ च्या ‘रोमा व्हिओलेन्ता’तला. ‘बेली’ आणि ‘बेटी’ लिहिलंत तर दुसऱ्या नावाचं मराठीत काय होतं ते सांगायला नको. शिवाय मेर्लीची मिशी आणि फिकट केस नेरोच्या या रूपाशी इतके जुळतात की पोस्टरवरून भलेभले चुकतात. दिग्दर्शकही घरचेच : ‘रोमा व्हिओलेन्ता’चा मारिनो जिरोलामी हा कास्तेल्लारीचा बाप. कास्तेल्लारी हे आईकडचं आडनाव.

नेरोचं खरं आडनाव स्पारानेरो. ‘नेरो’ म्हणजे काळा, ‘स्पारा’ म्हणजे गोळी झाडतो. १९६६ च्या ‘जांगो’पासून पिस्तुलासाठी ओळखल्या गेलेल्या नटाने आडनावातला नेमका गोळीबारच गाळला.

पडदानशीन :
‘डॉक्टर’ अकरा ठिकाणी निघाले, सगळे काढले. एक शिल्लक : गुंड पोलिसाला ‘झ्बिर्रो’ म्हणून हिणवतो. ‘पांडू’ लिहू का?

तळटीप :
‘पांडू’ फार मुंबईचा आणि त्यात थट्टा जास्त. ‘झ्बिर्रो’त तिरस्कार आहे, खबऱ्या-जुलमी शिपायाचा जुना वास आहे. ‘पोलिसडा’ बघा.

खटलेबाज :
‘पोलिसडा’ कुणी बोलत नाही. तुच्छता क्रियापदात टाका : ‘आला बघ कुत्रा’. ओळही लहान होते.