कर्नल अपडेटनंतर लॅपटॉप ४०० मेगाहर्ट्झवर अडकलाय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फोंड्याजवळच्या गावातून लिहितोय. लॅपटॉप २०१८ चा. इंटेल आय५-८२५०यू, ८ जीबी रॅम, मागाहून टाकलेली एसएसडी, उबंटू लिनक्स २२.०४. आजवर कुरकूर नव्हती. गेल्या आठवड्यात अपडेट आले, त्यात कर्नल (उबंटूचा गाभा) ६.५ वरून ६.८ वर गेला. त्यानंतर लॅपटॉप सुरू केला तो असा, की टाइप केलेलं अक्षर पडद्यावर उमटायला दम खातंय.

चवथीनंतर आमच्या गावात उत्सवाचं नाटक असतं. त्याचं पार्श्वसंगीत ऑडॅसिटीत कापणं-जोडणं माझ्याकडे आहे. ध्वनिफितीतली खरखर काढायला पूर्वी चहा गाळून होईपर्यंतचा वेळ लागायचा. आता आंघोळ करून, देवपूजा उरकून आलो तरी निळी पट्टी अर्ध्यावरच.

पाहून झालेलं सांगतो. प्रॉक-सीपीयूइन्फोमध्ये (प्रोसेसरचा चालू वेग दाखवणारी फाइल) आठही ओळींत ४०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा आकडा. कितीही काम दिलं तरी तो हलत नाही. एलएससीपीयू ही कमांड मात्र कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झच दाखवते. गव्हर्नर (वेग कसा वाढवायचा ते ठरवणारं सेटिंग) पॉवरसेव्ह होता, तो परफॉर्मन्स केला. ढिम्म. तापमान ४६ अंश, पंखा गप्प, म्हणजे तापल्यामुळे नाही.

जुन्या कर्नलवर परत कसं जायचं? की सगळंच नव्याने टाकू? तालमी सुरू झाल्यात हो.

टर्मिनलवाला:
नव्याने काही टाकू नका. जुना कर्नल उबंटू लगेच पुसत नाही. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबा (काही मशीनवर शिफ्ट धरून ठेवावं लागतं), ग्रबचा (कोणता कर्नल सुरू करायचा ते विचारणारा) मेनू येईल. त्यात अॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ६.५ निवडा. हे त्या एका खेपेपुरतंच असतं, त्यामुळे बिघडण्यासारखं काही नाही.

गव्हर्नरच्या नावाने बरेच जण फसतात. प्रोसेसरचा वेग सांभाळणारा इंटेल पी-स्टेट ड्रायव्हर चालू असला की पॉवरसेव्हमध्येसुद्धा काम पडल्यावर वेग वर जातो. टर्बो (मूळ वेगाच्या वर जायची सोय) बंद झालाय म्हणावं, तर तुमच्या चिपचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे, निदान तिथवर तरी गेला असता. ४०० ही अगदी तळाची पायरी. कोणीतरी मान दाबून धरलीय.

खिडकीप्रेमी:
विंडोज टाका. सुटाल.

टर्मिनलवाला:
आलात? वाटच पाहत होतो.

धागाकर्ता:
ग्रबमधून ६.५ वर गेलो. तिथेही ४००! हाच कर्नल दहा दिवसांमागे पळत होता. आता मात्र डोकं चालेना.

भाजीपाव:
मग कर्नल सुटला. जुन्यावरही तेच होत असेल तर दोष त्याच्या खाली कुठेतरी आहे.

प्रोसेसरला प्रॉकहॉट नावाची एक तार असते. चिप तापली की ती स्वतः ती ओढते. पण बऱ्याच लॅपटॉपांत ही तार दोन्ही बाजूंनी चालते. मदरबोर्डवरचा कंट्रोलरही ती ओढून ‘हळू चाल’ असं सांगू शकतो. त्याचं कारण वीजपुरवठा असू शकतं, बॅटरी असू शकते, एखादा बिघडलेला सेन्सरही असू शकतो. प्रोसेसर मुकाट्याने तळाला जाऊन बसतो, मग तुम्ही गव्हर्नर बदला नाहीतर कर्नल. थंड मशीन आणि ४०० चा आकडा पाहून मला तोच संशय येतोय.

दोन प्रश्न. चार्जर मूळचाच आहे का? आणि बॅटरी चार्ज होतेय का?

धागाकर्ता:
अरे देवा. हे मी लिहिलंच नाही.

अपडेट उतरले त्याच संध्याकाळी गडगडाट झाला, लाईट गेली, आणि परत आली तेव्हा चार्जर मेलेला. बॅटरी २३ टक्के होती म्हणून लॅपटॉप बंद करून ठेवला. दोन दिवसांनी बाजारातून एक स्वस्त चार्जर आणला, लावला आणि बटण दाबलं. म्हणजे नवा कर्नल आणि नवा चार्जर एकाच क्षणी सुरू झाले. मी कर्नलला धरलं, कारण ‘रीस्टार्ट करा’ म्हणून तोच ओरडत होता. बॅटरी २३ च्या वर चढत नाही हे दिसत होतं, तेही त्याच्याच खात्यावर मांडलं.

भाजीपाव:
चार्जर काढा, नुसत्या बॅटरीवर आकडा बघा.

धागाकर्ता:
काढला. ३.१ गिगाहर्ट्झ! परत लावला, काही सेकंदांत ४००. तीनदा करून पाहिलं, घरच्यांना बोलावून दाखवलं. बायोसमध्ये (लॅपटॉपच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) अडॅप्टरच्या पुढे ‘अननोन’ लिहिलंय.

भाजीपाव:
मग झालंच. चार्जरच्या पिनच्या पोकळीत मधोमध सुईसारखी बारीक काडी असेल, ती वीज वाहून नेत नाही. चार्जर किती वॅटचा आहे हे लॅपटॉप तिच्यातून वाचतो. स्वस्त चार्जरमध्ये ती नुसती शोभेची असली, की लॅपटॉप त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरलाही उपाशी ठेवतो. मूळ चार्जर तपासताना ती काडी वाकलेली तर नाही ना, तेही बघा.

टर्मिनलवाला:
शोधलंत तर प्रोसेसरच्या आतल्या एमएसआर १एफसी या नोंदीतला शून्यावा बिट पुसून ही प्रॉकहॉटची तार तोडायचा उपाय सापडेल. चालतो, पण सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू असेल तर कर्नल तिथे लिहूच देत नाही, आणि रीस्टार्टनंतर पहिले पाढे पंचावन्न. शिवाय अनोळखी चार्जरवर पूर्ण भार टाकायचा म्हणजे पुढच्या वेळी चार्जरऐवजी मदरबोर्ड जाईल. सेन्सर बिघडला असता तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे रोग सापडलाय, तर औषध चार्जरचंच घ्या.

धागाकर्ता:
म्हार्दोळच्या मावसभावाकडे याच जातीचा ६५ वॅटचा चार्जर निघाला, तो मागून आणला. कर्नल ६.८ च ठेवलाय. काम दिलं की वेग ३ च्या वर जातो, बॅटरी ४१ टक्के आणि चढतेय. खरखर पहिल्यासारखी चहा गाळेपर्यंत निघते. मूळ चार्जर मागवलाय, तोवर मावसभाव फोनवर चालवतोय म्हणाला.

संपादकांनो, शीर्षकातला ‘कर्नल अपडेटनंतर’ काढून ‘चार्जर बदलल्यावर’ करता येईल का?

खिडकीप्रेमी:
विंडोजवरही हेच झालं असतं म्हणा.

टर्मिनलवाला:
हे मात्र पहिल्यांदाच बरोबर बोललात.