तपासणी अर्धवट राहिली, म्हणून थेट पिशवीच काढायची?

गोदाकाठची
माझं वय ५७. पाळी जाऊन आठ वर्षं झाली. गेल्या महिन्यात एकादशीच्या सकाळी परकराला लालसर डाग दिसला, दोन दिवसांनी पुन्हा. सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या अस्तराची जाडी ९ मिलिमीटर निघाली. मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुर्बिणीने आतून बघू, अस्तराचा तुकडा तपासायला पाठवू, ओपीडीतच होईल, भूल लागणार नाही.

ते झालं नाही. माझी दोन्ही बाळंतपणं सिझरची, त्यात वय. पिशवीचं तोंड पार आक्रसून गेलेलं. टेबलाशेजारी स्टीलच्या ट्रेमध्ये सळया ओळीने मांडलेल्या होत्या, त्यातली बारीकात बारीक सळईसुद्धा आत सरकेना. तिसऱ्या वेळी ओटीपोटात अशी कळ आली की कानात दडे बसले आणि कपाळावर गार घाम फुटला. मी ‘थांबा’ म्हणाले. बाई त्याच क्षणी थांबल्या, हातातलं ट्रेमध्ये ठेवलं आणि माझ्या पायांवर चादर ओढली. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

पण घरी आल्यापासून प्रत्येकाचं वेगळंच. आमचे हे म्हणतात, डाग थांबलाय, आता महिनाभर बघू. जाऊबाई म्हणतात, या वयात पिशवीचं काय काम, काढून मोकळी हो. मुलगा पुण्याहून रोज फोन करतो, मुंबईला जाऊ म्हणून. माझं मत पक्कं झालंय. तपासणी अर्धवट राहिली म्हणजे काही सापडलं नाही असं नाही, अजून कोणी बघितलेलंच नाही. म्हणून भूल घेऊन तीच तपासणी पूर्ण करायची, लवकर करायची, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत पिशवीला हात लावू द्यायचा नाही. तुम्हाला काय वाटतं?

द्राक्षबाग निफाड
ताई, राग मानू नका, पण मला तुमच्या जाऊबाईंचं पटतं. आमच्या मंडळींचं असंच झालं होतं. आधी ओपीडीत प्रयत्न, मग भूल देऊन क्युरेटिंग (अस्तर खरवडून काढणं), मग रिपोर्टची आठ दिवस वाट, आणि शेवटी पिशवी काढावीच लागली. दोनदा भूल, दोनदा ॲडमिट, दोनदा ईसीजी आणि रक्त. ऐन छाटणीच्या दिवसांत मी निफाड-नाशिक किती फेऱ्या मारल्या त्याची गणती नाही. शहरात राहणाऱ्याला ‘आधी तपासणी, मग बघू’ म्हणणं सोपं असतं. एकाच भुलेत काम उरकलं तर बाईचेही हाल कमी होतात.

पांढरी टोपी (निवृत्त सिस्टर)
दादा, तुमचा त्रास खरा आहे. एकतीस वर्षं वॉर्डात काढली, अशा फेऱ्या मारणारी माणसं रोज बघितली. तरी या बाबतीत तुमचं चुकतंय.

आत काय आहे हे माहीत नसताना पिशवी काढली आणि नंतर रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला, तर ते ऑपरेशन अपुरं ठरू शकतं. आधी कळलं असतं तर ते वेगळ्या तयारीने झालं असतं: अंडाशय, लसिकाग्रंथी, आजार कुठवर पसरलाय हे सगळं बघून, त्यातल्या खास सर्जनच्या हातून. काही बायकांना त्यासाठी पुन्हा टेबलावर जावं लागतं. एक भूल वाचवायला गेलात तर दोन मोठी ऑपरेशनं पदरात पडतील.

आणि दुसरी बाजूही बघा. पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या शंभर जणींपैकी नव्वदेक जणींना कॅन्सर नसतो. अस्तर सुकलेलं असतं, नाहीतर साधा मस्सा असतो, तो दुर्बिणीतूनच निघतो. त्या नव्वद जणींची पिशवी कशासाठी काढायची? बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये विधिमंडळात गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिथेही बायकांना हेच सांगितलं जायचं: आता उपयोग काय, काढून मोकळी हो.

सिडकोतली सून
माझ्या सासूबाईंना असाच डाग पडला होता. अस्तर ३ मिलिमीटर होतं. डॉक्टरांनीच सांगितलं की आता काही करायची गरज नाही, पुन्हा रक्त दिसलं तर मात्र लगेच या. दोन वर्षं झाली, ठणठणीत आहेत, रोज पहाटे रामकुंडावर जातात. म्हणून म्हणते, काकू, एवढी घाई कशाला? काका म्हणतात तसं महिनाभर थांबून पुन्हा सोनोग्राफी करून बघा.

पांढरी टोपी (निवृत्त सिस्टर)
सूनबाई, तुमच्या सासूबाईंचा सल्ला योग्यच होता, पण तो ३ मिलिमीटरचा होता. पाळी गेल्यानंतर रक्त दिसलं आणि अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असलं, तर कॅन्सर असण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी असते, म्हणून थांबता येतं. ताईंचं ९ आहे आणि जोडीला मधुमेह, ज्यात हा धोका वाढतो. सोनोग्राफी फक्त जाडी सांगते, ती कशामुळे आहे हे सांगत नाही. डाग थांबला म्हणजे कारण गेलं, असंही नाही. इथे तुकडा मिळाल्याशिवाय सुटका नाही.

सिडकोतली सून
हे मला माहीत नव्हतं. मग काकांना हे मिलिमीटरचं गणित नीट सांगा, नुसतं ‘डॉक्टर म्हणाल्या’ म्हणून ऐकायचे नाहीत.

नाशिकरोड ६२
मला एक स्पष्ट बोलायचंय. आमच्या वेळी दोन-दोन दिवस कळा सोसल्या, तोंडातून शब्द काढला नाही. दहा मिनिटांच्या तपासणीत ‘थांबा’ म्हटलं नसतं तर आज हा प्रश्नच उरला नसता. आता भूल, त्याचा खर्च, त्याचा धोका. शुगर असलेल्या बाईला भूल म्हणजे गंमत नाही.

गोदाकाठची
तुम्ही वयाने मोठ्या, तरी हे मी मान्य करणार नाही. माझ्या पिशवीचं तोंड उघडतच नव्हतं, ताई. जोर लावला असता तर सळई आतल्या भिंतीतून आरपार जाण्याची भीती होती, हे बाईंनी मला नंतर चित्र काढून दाखवलं. दुखणं ही त्या वेळी एकच खूण होती आणि ती मी सांगितली. सोसून काय मिळालं असतं? कळा सोसणाऱ्या आपल्या आयांनी अंगावरून जाणंही असंच वर्षानुवर्षं सोसलं. माझ्या मावशीने सहा महिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा उशीर झाला होता.

आडगाव नाका
मी काकूंच्या ‘भूल घेऊनच’ या मताच्या विरोधात आहे, पण सोसण्यासाठी नाही. माझंही पहिल्यांदा अर्धवट राहिलं होतं. दुसऱ्यांदा दुसऱ्या ठिकाणी गेले, तिथे दुर्बीण खूपच बारीक होती. तासभर आधी दुखण्याची गोळी दिली, पिशवीच्या तोंडाशी बधिर करणारं इंजेक्शन दिलं, आणि आठ मिनिटांत काम झालं. संध्याकाळी स्वयंपाक केला. पहिल्या ठिकाणी यातलं काहीच दिलं नव्हतं. तेव्हा आधी एवढं विचारा: पहिल्या वेळी तुम्हाला दुखण्यावर काय दिलं होतं? काहीच नसेल, तर ओपीडीतला मार्ग अजून संपलेला नाही. शुगर असताना भूल टळली तर बरंच.

पांढरी टोपी (निवृत्त सिस्टर)
हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. एवढंच जोडते की तोंड मऊ करायच्या गोळ्या पाळी गेलेल्या बायकांमध्ये तितक्या लागू पडत नाहीत, उलट पोटात मुरडा येतो. आणि तोंड अगदीच बंद असेल तर भूल देऊन, पोटावर सोनोग्राफीचा प्रोब धरून, सळई कुठे चाललीय ते पडद्यावर बघत केलेलं जास्त सुरक्षित.

द्राक्षबाग निफाड
सिस्टरांचं मान्य, कॅन्सरचा भाग मला कोणी सांगितलाच नव्हता. पण खर्चाचं आणि फेऱ्यांचं काय? भूल द्यायचीच आहे, तर आत काही वाईट दिसलं की तिथल्या तिथे काढायची परवानगी आधीच लिहून द्यावी, एवढं तरी करा.

कॉलेज रोड वकील
दादा, नेमकं तेच नको. २००८ मध्ये समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच प्रश्नावर निकाल दिलाय. दुर्बिणीच्या तपासणीसाठी त्यांना भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर थांबलेल्या आईची सही घेऊन पिशवी आणि अंडाशय काढले. कोर्टाने सांगितलं, तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, आणि जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान बाईच्या वतीने दुसऱ्या कुणाची सही चालत नाही. शिवाय दुर्बिणीत नुसत्या डोळ्यांना दिसलेलं म्हणजे रिपोर्ट नव्हे. काकू, फॉर्म आधी घरी मागून घ्या, टेबलावर जायच्या पाच मिनिटं आधी सही करू नका.

सिडकोतली सून
आणि रिपोर्ट आला की नीट वाचा. आमच्या शेजारच्या काकूंच्या कागदावर ‘नमुना अपुरा’ लिहिलं होतं. घरच्यांनी ते ‘काही निघालं नाही’ असं समजून फाइल कपाटात ठेवून दिली.

गोदाकाठची
आज पुन्हा जाऊन आले. ‘आडगाव नाका’ यांचा प्रश्न विचारला. पहिल्या वेळी फक्त एक साधी गोळी होती, तीही आयत्या वेळी, हे बाईंनी स्वतःच कबूल केलं. इंजेक्शन देऊन ओपीडीत पुन्हा बघता येईल, म्हणाल्या, पण तोंड इतकं बंद आहे की त्यांना सोनोग्राफीच्या देखरेखीखाली केलेलं बरं वाटतं, आणि त्यासाठी भूल. मी तेच घेतलं. बुधवारी सकाळी, कंबरेतून भूल, संध्याकाळी घरी. भूलतज्ज्ञांनी शुगर बघितली, त्या सकाळी मधुमेहाची गोळी घ्यायची नाही असं चिठ्ठीवर लिहून दिलं. ह्यांना मिलिमीटरचं गणित कागदावर मांडून दाखवलं. दोनदा वाचलं, मग गाडीची किल्ली हातात घेऊन म्हणाले, बुधवारी किती वाजता निघायचं.

संमतिपत्र घरी आणलंय. छापील ओळींच्या खाली माझ्या हाताने लिहिलं: ‘फक्त दुर्बिणीने तपासणी, मस्सा दिसल्यास तो, आणि अस्तराचा नमुना. पिशवी काढायची नाही.’ सही केली. जाऊबाई शेजारीच बसून भाजी निवडत होत्या. साक्षीदाराच्या जागी त्यांचीच सही घेतली.