कळव्याच्या पेजेबद्दल सल्ला हवाय

नमस्कार मंडळी. मी ठाण्यातली, मासुंदा तलावाजवळच्या चर्चला जाते. प्रायश्चित्तकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आम्ही चौघीजणी दर रविवारी कळव्याच्या पालिका रुग्णालयाबाहेर पेज आणि मऊ भात घेऊन जायचो. ईस्टर झाला, पण थांबायला मन होईना.

मागच्या रविवारी एक आजी भेटल्या. मुरबाडकडच्या, नवरा वॉर्डात. वाटी घेतली, फुंकर घातली आणि परत पुढे केली. "बाय, हे खाल्लं तर तुमच्यात यावं लागंल का?" मी गडबडून "नाही हो आजी" एवढंच म्हणाले. मग खाल्लं त्यांनी, आणि वाटी नळावर विसळून आणून दिली.

तेव्हापासून बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा 25 वा अध्याय डोक्यात फिरतोय. भुकेला, तहानलेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला, यांच्यासाठी केलंत ते माझ्यासाठीच, असं त्यात राजा, म्हणजे ख्रिस्त, म्हणतो. पण गंमत बघा, करणाऱ्यांना ते ठाऊकच नव्हतं! तेच विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेलेला कधी पाहिलं? मग मी गळ्यातला क्रूस ओढणीवर काढून का मिरवते? आणि लपवावा तर तेही खोटंच वाटतं.

असं काम करणाऱ्यांनो, कोणी असं विचारलं तर काय उत्तर देता? प्रार्थना तिथेच करता की घरून करून निघता? आणि एक व्यवहाराचं: या उन्हात पेज दुपारपर्यंत आंबू नये म्हणून काय करता? आमची दोनदा फुकट गेली.